कारणांचे व्याकरण

मराठीत कारण सांगायचे झाले तर शब्दांची वाण नाही. ‘मुळे’ आहे, ‘म्हणून’ आहे, ‘पायी’ आहे, ‘खातर’ आहे; नुसता तृतीयेचा ‘ने’ही पुरतो. दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे विद्यार्थी अव्ययांचे प्रकार पाठ करीत आले आहेत आणि परीक्षा झाली की विसरत आले आहेत. त्यांना दोष देता येत नाही. ‘पावसामुळे सामना रद्द झाला’ या वाक्याने भाषेविषयी कुणाचे कुतूहल चाळवले जाईल, असे आम्हालाही वाटत नाही.

पण ‘तुझ्यामुळे’ आणि ‘तुझ्यापायी’ हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात नुसते कारण आहे आणि ते चांगलेही असू शकते: तुझ्यामुळे मी पास झालो. दुसऱ्यात कारणाबरोबर किंमत आली, झीज आली आणि बहुतेक वेळा फिर्यादही आली. ‘तुझ्यापायी मी पास झालो’ असे कुणी म्हणत नाही. ‘तुझ्यापायी आयुष्य घालवलं’ असे मात्र घरोघरी ऐकू येते. ‘मुळे’त मूळ आहे, ‘पायी’त पाय आहे. व्युत्पत्तीचा मोह फार होऊ देऊ नये हे खरे, परंतु या दोन शब्दांतला फरक आम्हाला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने इतका शिकवला नाही, जितका आमच्या एका विद्यार्थिनीने शिकवला.

आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका. दोन हजार सालाच्या आगेमागे एम.ए. झालो आणि तेव्हापासून पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात शिकवीत आहोत. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांची आजोळे येथली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी भरत गेली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणपर्यंतची शेते शेडखाली गेली. मुलांचे आईवडील बार्शी, परळी, जामखेड, यवतमाळ, धुळे अशा ठिकाणांहून आलेले. घराचे वेळापत्रक सूर्यावर किंवा शाळेवर नव्हे, शिफ्टवर चालते. ‘पप्पा नाईटला आहेत’ हे वाक्य येथे हवामानाच्या वृत्तासारखे बोलले जाते, आणि ऐकणारा आपोआप आवाज खाली आणतो.

ती अशाच एका घरातली. तिला येथे नाव देत नाही. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिची संमती घेऊनच हे लिहीत आहोत. वडील भोसरीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात, आई शिवणकाम करणारी, धाकटा भाऊ. घर म्हणजे एक खोली आणि पुढची पडवी. मुलगी वाचणारी, कवितेवर नेमके बोलणारी. द्वितीय वर्षाला असताना तिच्या वागण्यातल्या उलथापालथी आमच्या ध्यानात येऊ लागल्या. निदान व्हायला पुढे चार वर्षे आणि तीन डॉक्टर लागले. आधी नैराश्य म्हटले गेले, मग आणखी काही; शेवटी ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’. याचे ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार’ असे भाषांतर मराठीत केले जाते, पण त्याने कुणालाच काही कळत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना बॉर्डर म्हणजे पस्तीस गुणांची माहीत. वस्तुतः इंग्रजीतही हे नाव फारसे सुदैवी नाही. अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९३८ साली काही रुग्णांविषयी ते वापरले. हे रुग्ण त्या काळच्या दोन मोठ्या कप्प्यांपैकी एकातही नीट बसत नव्हते, दोहोंच्या सीमेवर उभे होते. कप्पे पुढे मोडले, सीमा नाहीशी झाली, नाव राहिले. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ते अधिकृतपणे आले. तेथे नऊ लक्षणांपैकी पाच जुळली की निदान होते. नवातून पाच किंवा अधिक निवडण्याचे २५६ मार्ग आहेत, म्हणजे हेच नाव धारण करणाऱ्या दोन माणसांत एकच लक्षण समान असू शकते. आपल्याकडील साहित्यप्रकारांच्या व्याख्या याहून काटेकोर असतात, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण फार मागेही नाहीत.

त्या नऊ लक्षणांत आपण सोडले जाऊ याची भीती आहे, नात्यांतले टोकाचे चढउतार आहेत, स्वतःविषयीची अस्थिर प्रतिमा आहे, पोकळी आहे, अनावर राग आहे, स्वतःला इजा करणे आहे. ‘घडलेल्या गोष्टीचे कारण सांगण्याची रीत’ हे मात्र त्या यादीत नाही. आम्हाला, भाषेच्या माणसांना, आधी दिसली ती हीच.

एक घटना सांगतो. शेजारच्या खोलीत राहणारी तिची जिवलग मैत्रीण होती. तिला चाकणच्या एका कंपनीत काम लागले. कंपनीची बस पहाटे मोशीत यायची, म्हणून ती मामाकडे मोशीला राहायला गेली. घटना एवढीच. त्याच संध्याकाळी आमच्या विद्यार्थिनीने सांगितले, “मॅडम, ती मला सोडून गेली.” आठवड्याने त्याच घटनेचे दुसरे निवेदन आले: मैत्रिणीला ती कधीच आवडत नव्हती, दोन वर्षे सगळे नाटक होते. महिन्याने तिसरे: “माझ्यापायी गेली. माझ्याजवळ कुणी राहूच शकत नाही.” तिन्ही निवेदने तिने सारख्याच खात्रीने आणि सारख्याच यातनेने सांगितली. तिसरे सांगताना दुसरे तिला आठवत होते, पण ते तिच्या दृष्टीने रद्द झाले होते. आणि मोशीच्या बसथांब्याला कारण होण्याइतकीही किंमत तिन्हींपैकी एकाही निवेदनात मिळाली नव्हती.

दुसरी घटना आमच्या बाबतीतली. उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर फोन बाहेर ठेवावे लागतात. एका एप्रिलमध्ये चार तासांनी बाहेर आलो तेव्हा आमच्यापैकी एकीच्या फोनवर बावीस न घेतलेले कॉल आणि त्यांच्या पाठोपाठ संदेश होते. क्रमाने वाचत गेलो. तुम्ही मला आईपेक्षा जवळच्या आहात. तुम्ही फोन का घेत नाही. तुम्हीही शेवटी इतरांसारख्याच. मला मुळातच कुणी नको होते. आणि शेवटचा: सॉरी मॅडम, मी फार वाईट मुलगी आहे. चार तासांत पूर्ण वर्तुळ झाले होते, आणि आम्ही त्या वेळात ‘रससूत्र’ या प्रश्नाची सत्तर उत्तरे तपासून आलो होतो.

या निवेदनांतली क्रियाविशेषणे पाहण्यासारखी आहेत: नेहमी, कधीच, मुळातच, शेवटी. ‘कधीकधी’ नाही, ‘बहुधा’ नाही, ‘जरासे’ तर नाहीच. ऑटो केर्नबर्ग या मनोविश्लेषकाने १९६७ साली या मनोरचनेचे जे वर्णन केले त्यात ‘स्प्लिटिंग’ला मध्यवर्ती स्थान आहे. चांगले आणि वाईट ही दोन रूपे एकाच माणसात एकाच वेळी धरून ठेवणे त्या मनाला झेपत नाही. म्हणून माणूस एक तर सगळा देव, नाही तर सगळा राक्षस. एकदा हे ध्यानात घेतले की कारणमीमांसेचेही कळते. ज्याच्या जगात संपूर्ण माणसेच असतात, त्याला कारण म्हणूनही संपूर्ण माणूसच लागतो. अर्धवट, निर्जीव, तिऱ्हाईत कारण त्याच्या उपयोगाचे नसते. बसथांबा कुणावर प्रेम करीत नाही आणि कुणाला टाकूनही जात नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे ‘अविश्वसनीय निवेदक’ हा शब्द आठवेल. वेन बूथने १९६१ साली रूढ केलेली ही संज्ञा आपण एम.ए.च्या वर्गात मोठ्या हौसेने वापरतो. आम्हालाही ती आठवली आणि लगेच निरुपयोगी ठरली. कादंबरीतल्या अविश्वसनीय निवेदकामागे एक लेखक उभा असतो. तो वाचकाला डोळा मारतो आणि निवेदकाच्या पाठीमागून खरे काय ते सुचवतो. समोर बसून रडणाऱ्या मुलीच्या मागे असे कुणी उभे नसते. तिचे निवेदन हीच तिची त्या क्षणीची सगळी वस्तुस्थिती असते. डोळा मारायला गेलो तर तो आपला उद्धटपणा होईल.

या विकाराची लक्षणे असलेल्या व्यक्ती आपली जीवनकहाणी कशी सांगतात, याचा एक अभ्यास जोनाथन अॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. उतारवयाकडे झुकलेल्या माणसांना त्यांच्या आयुष्याची कहाणी सांगायला लावून त्यांनी ती निवेदने तपासली. अशा व्यक्तींच्या कहाण्यांत कर्तेपणा कमी आढळला, म्हणजे ‘मी केले’ यापेक्षा ‘माझ्या बाबतीत झाले’ अधिक. कहाणीची सुसंगती कमी. नात्यांची ओढ मात्र इतरांइतकीच, ती ओढ पुरी झाल्याच्या खुणा तेवढ्या कमी. हा शेवटचा निष्कर्ष आम्हाला फार खरा वाटला. बावीस कॉल करणाऱ्या मुलीला माणसे नको असतात असे कोण म्हणेल?

पहिल्या निष्कर्षापाशी मात्र मराठीचा शिक्षक थबकतो. आपल्या भाषेत राग ‘येतो’, रडू ‘येते’, आठवण ‘होते’, भूक ‘लागते’, माणूस ‘आवडतो’. या सगळ्या वाक्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत उभा असतो: मला. कर्ता असतो तो राग. इंग्रजी माणूस स्वतः रागावलेला ‘असतो’. मराठी माणसाकडे राग पाहुण्यासारखा येतो आणि यजमानाला न विचारता बसतो. ‘माझ्याने बोलवेना’, ‘माझ्याकडून कप फुटला’ या रचना तर कर्तेपणाची जबाबदारी कशी हळुवारपणे खांद्यावरून उतरवावी याचे नमुनेच आहेत. तेव्हा एखादी मराठी मुलगी ‘मला राग आला, माझ्याकडून झालं’ म्हणाली, तर तो विकार की व्याकरण? आमचे उत्तर असे की तेवढ्यावरून काहीच ठरवू नये. सगळे मराठीभाषक असेच बोलतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी कपाचे तुकडे कुणी वेचायचे हे घरात ठरते. पण आमच्या विद्यार्थिनीच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती. इतरांचा राग येतो तसा जातोही. ‘राग गेला’ हे वाक्य भाषेत आहे. तिच्या तोंडी ते आम्ही वर्षानुवर्षे ऐकले नाही. तिचा राग यायचा आणि मग एकाएकी दुसरेच काही आलेले असायचे. मधली क्रियापदे गहाळ.

तिच्या घरच्यांचीही स्पष्टीकरणे होतीच. आईच्या मते साडेसाती; एका देवऋषाकडे दोनदा जाऊन आलेली. मावशीच्या मते बाहेरचे काहीतरी. शेजाऱ्यांच्या मते मोबाइल. एका नातलगाने तर जास्त शिकवल्याचे कारण दिले आणि आमच्याकडे पाहिले. एकच कारण, तेही ठाम, हा काही केवळ या विकाराचा विशेष नव्हे. तो आपल्या सगळ्या बैठकीच्या खोल्यांचा विशेष आहे. फरक इतकाच की आपले कारण सहसा बदलत नाही आणि आपल्याला सहसा जाळत नाही.

वडील एकदा महाविद्यालयात भेटायला आले. सेकंड शिफ्टला जाताना आले होते, त्यामुळे अंगावर कंपनीचा गणवेश. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी जे सांगितले ते आम्ही जमेल तसे त्यांच्याच शब्दांत देतो. “मॅडम, आमच्याकडं पीस रिजेक्ट झाला की व्हाय-व्हायची शीट भरावी लागते. पाच वेळा ‘का’ विचारायचं. भोक जागा सोडून का पडलं? जॉब फिक्श्चरमध्ये नीट बसला नव्हता. का? खाली कीस अडकला होता. का? हवा मारून साफ झाला नाही. का? एअरचं प्रेशर कमी पडलं. का? कॉम्प्रेसर एक आणि लाइन दोन. असं. ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ असं लिहिलेलं चालत नाही. साहेब शीट परत पाठवतात. म्हणतात, माणूस चुकणारच. चुकला तरी पीस पुढं गेला कसा, ते शोधा.” मग थोडे थांबून म्हणाले, “पोरीला मी पण पाच वेळा ‘का’ विचारलं. पाचव्याला उत्तर आलं, पप्पा, तुम्ही.”

ही पाच ‘का’ची पद्धत जपानच्या टोयोटा कारखान्यांतली. तेथील अभियंता ताइइची ओनो याने ती नावारूपाला आणली, आणि आज भोसरी-चाकणच्या छोट्यातल्या छोट्या शेडमध्ये तिचे छापील तक्ते भिंतीवर असतात. तिच्यातले मर्म त्या गृहस्थांनी आम्हाला एका वाक्यात सांगितले होते: माणसापाशी थांबायचे नाही. त्यांच्या मुलीची कारणमीमांसा नेमकी माणसापाशी थांबत होती, आणि तो माणूस आळीपाळीने मैत्रीण, मॅडम, पप्पा आणि ती स्वतः असा असे. त्यांना आम्ही काय उत्तर दिले ते येथे सांगण्यासारखे नाही. चहा मागवला, एवढे आठवते.

‘पप्पा, तुम्ही’ हे उत्तर सर्वस्वी चूक होते असेही नाही. मार्शा लिनहॅन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या विकाराची जी उपपत्ती मांडली, तिच्यात दोन धागे आहेत. काही मुले जन्मतःच भावनेच्या बाबतीत पातळ कातडीची असतात. आणि त्यांच्या भोवतीचे जग त्यांना सतत सांगत असते की तुला वाटते तसे काही नाहीच. रडायला काय झाले, एवढ्याशा गोष्टीचे काय, तुझे नेहमीचेच. दोन्ही धागे एकमेकांना पीळ देत जातात. यात खलनायक कुणी नाही. नाईट करून आलेल्या माणसाला दुपारी झोप हवी असते आणि खोली एक असते. त्याच खोलीत एक मूल रडत असते. लिनहॅन बाईंच्या शब्दाला वजन आहे ते आणखी एका कारणासाठी. २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ साली, त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. ते सांगण्यासाठी त्यांनी तीच संस्था निवडली.

आता यातला जो भाग लिहिण्यासाठी आम्ही हा लेख मनावर घेतला, तो. बी.ए. झाल्यावर तिला एका मजूर ठेकेदाराच्या कार्यालयात काम मिळाले. काही महिन्यांनी तिने घरी सांगितले की तेथला वरिष्ठ रात्री-अपरात्री संदेश पाठवतो, काही ना काही निमित्ताने थांबवून घेतो. घरचे म्हणाले, तुला सगळेच त्रास देतात. तोवर निदान झाले होते, आणि निदानाचे कागद घरात आल्यापासून तिच्या प्रत्येक तक्रारीला एक तयार उत्तर मिळाले होते: हा आजारच बोलतोय. ज्या शब्दाने तिला समजून घ्यायचे, त्याच शब्दाने तिचे म्हणणे निकालात निघत होते. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली या प्रकाराला ज्ञानाच्या क्षेत्रातला अन्याय म्हटले आहे: बोलणारा कोण आहे यावरून त्याच्या साक्षीची किंमत आधीच उतरवून ठेवणे. आम्हालाही तिची निवेदने कशी बदलतात हे ठाऊक होते. पण आमच्या व्यवसायाने आम्हाला पाठभेद पाहण्याची सवय लावली आहे. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती १५८४ साली; तेव्हापासून मराठीत पाठ पडताळण्याची परंपरा आहे. मैत्रिणीच्या जाण्याचे तिचे तिन्ही पाठ वेगळे होते. या वरिष्ठाविषयी तिने आम्हाला दीड महिन्यात चार वेळा सांगितले आणि चारही पाठ जुळत होते: तोच दिवस, तेच वाक्य, तीच जिन्याखालची जागा. ‘नेहमी’ आणि ‘मुळातच’ हे शब्द त्यात आलेच नाहीत. निवेदन कोरडे होते. एखाद्या पंचनाम्यासारखे. (पाठ जुळला नाही म्हणून घटना घडलीच नाही असे मात्र कुणी समजू नये. भेदरलेल्या माणसाची आठवण विस्कटते, हे पुरेसे सिद्ध आहे.) कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ सालचा. जेथे दहापेक्षा कमी माणसे कामाला असतात तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते, हे तिला ठाऊक नव्हते आणि तिच्या घरच्यांना तर नव्हतेच. अर्जाचा मसुदा आम्ही तिघींनी मिळून केला. तो देण्याआधीच त्या कार्यालयातली दुसरी एक मुलगी पुढे आली, तिचेही तेच सांगणे होते, आणि त्या गृहस्थाला काढून टाकण्यात आले. वडील नंतर म्हणाले, “म्हणजे खरंच होतं.” त्या ‘खरंच’चा सूर आम्ही विसरलेलो नाही. तिनेही विसरला नसावा.

कायदाही एक स्पष्टीकरण देतो, आणि ते येथे नोंदवण्यासारखे आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ११५वे कलम असे की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावे. पूर्वीच्या दंडसंहितेत तो प्रयत्न गुन्हा होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलम उरलेले नाही. कायद्याने कारण आधी मान्य करावे आणि नातलगांनी ते शोधत बसावे, असा हा उलटा प्रकार आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या आयुष्यातही अशी एक रात्र येऊन गेली. तिच्याविषयी याहून अधिक लिहिणार नाही. हे वाचणाऱ्या कुणाला अशा रात्रीचा परिचय असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत. त्यांच्या आजोबांना १८५७च्या बंडानंतर फाशी झाले आणि त्या आघाताने त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले, ही हकीकत पुस्तकाच्या आरंभीच येते. एका माणसाच्या मनोव्यथेचे कारण सांगणारा मराठी गद्यातला हा फार महत्त्वाचा उतारा आहे, असे आमचे मत. लक्ष्मीबाई कारण सांगतात, पण कारण सांगून वडिलांना सोडून देत नाहीत आणि फासावरही चढवत नाहीत. सोवळ्यापायी घरच्या बायकांचे जे हाल झाले तेही सांगतात, आणि हसवीत सांगतात. टिळकांचेही तसेच. रागीट, उधळे, न सांगता घर सोडून जाणारे, १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन बायकोचे जग उलटेपालटे करणारे टिळक आणि तिच्यावर जीव टाकणारे टिळक हे एकाच पानावर सुखाने नांदतात. विद्यार्थ्यांना हे सहज वाटते. आमच्या विद्यार्थिनीला वाटले नाही. ती तृतीय वर्षाला असताना तासानंतर येऊन म्हणाली, “मॅडम, यांनी दोन्ही एकाच वाक्यात कसं लिहिलं? मधे काही तुटलं कसं नाही?” इतका अचूक प्रश्न त्या पुस्तकावर आम्हाला आजवर कुणी विचारलेला नाही, समीक्षकांनी तर नाहीच.

या विकारावर म्हणून खास मान्यता मिळालेले औषध आजही नाही. मुख्य उपचार बोलण्याचा. आणि चित्र सहसा समजले जाते तितके काळे नाही. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयाच्या मेरी झानारिनी यांनी शेकडो रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, त्यात दहा वर्षांच्या अवधीत बहुसंख्यांची लक्षणे ओसरली. आमच्या विद्यार्थिनीला पुण्यातल्या एक समुपदेशक ताई मिळाल्या. लिनहॅन बाईंनी १९९३ साली ग्रंथरूपाने मांडलेली पद्धत त्या शिकलेल्या होत्या. त्या पद्धतीत एक गृहपाठ असतो, साखळी लिहिण्याचा. काही बिनसले की ‘का’ विचारायचे नाही. ‘मग काय झाले’ एवढेच विचारायचे. आदल्या रात्री झोप किती झाली, खाल्ले काय, मग कोण काय बोलले, मग मनात काय आले, मग शरीरात काय झाले, मग हाताने काय केले, त्याने मग काय झाले. एकेक कडी.

ती वही तिने आम्हाला शुद्धलेखन तपासायला म्हणून आणून दिली. बहुधा शुद्धलेखन हे निमित्त असावे. ती वाचताना आम्हाला ई. एम. फॉर्स्टरची आठवण झाली. त्याच्या १९२७च्या पुस्तकातले राजाराणीचे उदाहरण साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते: घटनांची नुसती क्रमवारी म्हणजे कथा, आणि कारणाने बांधलेली क्रमवारी म्हणजे कथानक. आपण हे शिकवतो ते नेहमी चढत्या भाजणीने. ‘मग’ विचारणारा श्रोता बाळबोध, ‘का’ विचारणारा प्रगल्भ. कहाण्यांतले आटपाट नगर मागे टाकून कादंबरीकडे जायचे, अशी ती वाट. आणि येथे एक मुलगी, जिच्याजवळ कथानकेच कथानके होती, प्रत्येक घटनेचे घडताक्षणी पूर्ण झालेले कथानक, ती पंचवीस रुपयांच्या वहीत ‘मग’, ‘मग’, ‘मग’ असे लिहीत आटपाट नगराकडे परत निघाली होती. तिचे ‘का’ फार लवकर येत होते. क्रमवारी जमायच्या आधीच कारण येऊन बसायचे आणि मग कोणत्याही घटनेला आत जागा मिळत नसे. मोशीच्या बसला तर नाहीच.

वहीत दुसऱ्या आठवड्यापासून पट्टीने आखलेले रकाने होते. ते वडिलांनी आखून दिलेले. साखळी पाहून ते म्हणाले होते म्हणे, “हे तर आमचंच आहे.” शेवटचा रकाना त्यांनी सवयीने ‘मूळ कारण’ असा केला होता. ताईंनी तो खोडायला सांगितला. बापलेकीने त्यावर बराच वाद घातला, आणि मग त्या जागी ‘पुढच्या वेळी’ असे लिहिले. एका पानावर, एका मोठ्या भांडणाच्या साखळीत, पहिल्या सहा कड्या अशा होत्या: पप्पा नाईटहून आले. भाऊ फर्स्टला गेला. कुकरच्या शिट्टीवरून आई ओरडली. मी चारपासून जागी. दूध नव्हते. नेहाचा फोन लागला नाही. (नेहा हे नाव आमचे.) यातली एकही कडी माणूस नाही असे नाही, पण एकही कडी पूर्ण माणूस नाही.

अलीकडे ती तळेगावच्या बाजूला नोकरी करते. मधूनमधून फोन येतो, मधल्या महिन्यांत येत नाही. सगळे सुरळीत आहे असा दावा तीही करीत नाही. गेल्या महिन्यातल्या फोनवर एक नवी मैत्रीण निघाली. तिने वाढदिवसाला यायचे कबूल केले होते आणि आली नाही. फोनही घेतला नाही. आम्ही जरा सावरून बसलो आणि विचारले, “मग?”

“मग काय मॅडम,” ती म्हणाली, “तिची सेकंड शिफ्ट लागली होती.”